बसून न राहिलेला शेतकरी : बाबा आमटे



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या मनावर ठसा उमटवणाऱ्या एका थोर व्यक्तीविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले. ग्रुपवर भराभर नावे आली. मी बाबा आमटे यांचे नाव दिले, तेव्हा दोघातिघांनी विचारले की, तू तर सॉफ्टवेअरवाली, तुझा आणि आनंदवनाचा संबंध काय? त्याचे उत्तर म्हणून हा लेख. मी लेखिका नाही. इंजिनिअरिंगला गेल्यापासून निबंध लिहिलेला नाही. चुकले तर मराठीच्या सरांनी नेहमीप्रमाणे लाल पेनाने खूण करावी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, आपण नववीत होतो. १९९५ चा श्रावण होता. गोठ्यातल्या कडबाकुट्टीत ओला चारा घालताना माझ्या वडिलांचा, दादांचा, उजवा हात आत गेला. चार बोटे गेली, अंगठा तेवढा राहिला. मी चार दिवस शाळेत आले नाही. पाचव्या दिवशी आले, तेव्हा परिपाठाला सरांनी बाबा आमटे यांची गोष्ट सांगितली. ती माझ्यासाठीच आहे हे मला कळत होते आणि सगळे माझ्याकडे बघत आहेत असे वाटून मला रागही आला होता. त्या दिवशी माझ्या लक्षात फक्त एवढेच राहिले की, बोटे नसलेली माणसे कुठेतरी विदर्भात शेती करतात. बाकीची गोष्ट समजायला मला वीस वर्षे लागली.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घराणे जमीनदारांचे, वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत. बाबा हे त्यांचे घरातले लाडाचे नाव, वयामुळे मिळालेले नव्हे. लहानपणी त्यांना कशाचीच कमतरता नव्हती. चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक होती, रानात शिकार चालायची. पुढे स्वतःची मोटार आली. इंग्रजी सिनेमांचे इतके वेड की, त्यावर ते इंग्रजी नियतकालिकासाठी परीक्षणे लिहीत. म्हणजे जमीन होती, पण मातीत हात घालण्याची वेळ त्यांच्यावर कधी येणार नव्हती. घरी राबणाऱ्या गड्यांच्या मुलांत मिसळायला मनाई असे आणि हा मुलगा ती मनाई मोडत असे, एवढी एकच खूण पुढच्या आयुष्याची दिसते.

ते वकील झाले आणि वरोऱ्याला वकिली करू लागले. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्यांचे खटले लढवण्यासाठी त्यांनी वकील उभे केले आणि स्वतःही तुरुंगात गेले. सेवाग्रामला गांधीजींचा सहवास मिळाला. रेल्वेत एका तरुणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना एकट्याने अडवून त्यांनी मार खाल्ला, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभय साधक असे नाव दिले. १९४६ च्या डिसेंबरात इंदू घुलेशास्त्री यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्याच आपल्या साधनाताई. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख काय ते कळावे म्हणून बाबांनी कित्येक महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला.

त्याच काळात एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याच्या कडेला काहीतरी पडलेले दिसले. जवळ गेल्यावर कळले की, तो माणूस आहे. तुळशीराम त्याचे नाव. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे गेलेली, जखमांत किडे झालेले. वाघाला न भिणारे, गोऱ्या सोजिरांना न भिणारे बाबा तिथून घाबरून पळून गेले.

मला या माणसाच्या चरित्रात सगळ्यात मोठी वाटते ती ही जागा. पळून गेल्याचे त्यांनी कधी लपवले नाही. ज्याला अभय साधक म्हणतात, तोच भ्याला, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. ते परत गेले, तुळशीरामला आडोसा केला, खाऊ घातले. तुळशीराम वाचला नाही. पण आपल्याला नेमकी भीती कशाची वाटली, हे शोधायला बाबा निघाले ते कायमचे. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. तिथे या रोगाचे जंतू माणसाच्या शरीरात कसे वाढतात हे तपासण्यासाठी त्यांनी स्वतःचे शरीर प्रयोगाला दिले. त्यांना रोग झाला नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती मलाही उशिरा कळली. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात असे आपण समजतो. तसे होत नाही. जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि हातापायांची जाणीव जाते. आमच्या भाषेत सांगायचे तर यंत्र चालू असते, पण सेन्सर बंद पडलेला असतो. चटका बसला, काटा घुसला, खुरप्याने कापले, तरी हात मागे येत नाही, कारण दुखतच नाही. जखम चिघळते, पुन्हा होते आणि असे होत होत बोट आखूड होत जाते. दुखणे म्हणजे शरीराचा राखणदार असतो, हे या रोगाने मला शिकवले. अशा राखणदार नसलेल्या हातांनी शेती करायची म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला, भातलावणीला गुडघाभर चिखलात उभे राहिलेल्यांना, थोडीफार तरी करता येईल. पायाखाली काच आली तरी ती पाण्याला रंग चढल्यावरच कळायची.

सरकारने वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन दिली. खडकाळ, झुडपांनी भरलेली, पाण्याचा थेंब नसलेली. १९५१ च्या जून महिन्यात बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहानगी मुले विकास आणि प्रकाश, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये, एवढ्या संसारावर तिथे वस्ती सुरू झाली. विनोबा भावे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नाव ठेवले आनंदवन. आजूबाजूला साप, विंचू आणि रानातला बिबट्या.

पहिले काम निघाले विहिरीचे. हत्यारे थोडी, ती धरायला धड हात नाहीत आणि खाली कातळ. ज्यांनी गावात विहीर खणताना पाहिली आहे, त्यांना पाणी लागण्याआधीचे दिवस कसे असतात ते ठाऊक आहे. ऐपतदार शेतकरीही मध्येच सोडून देतो. त्या माणसांनी सोडली नाही. ज्याला पहार धरता येत नव्हती त्याने माती ओढली, ज्याला माती ओढता येत नव्हती त्याने दुसरे काही केले. पाणी लागले. मग ज्वारी आली, भाजीपाला आला.

आणि मग खरी अडचण आली. माल बाजारात नेला तर वरोऱ्यात कोणी घेईना. आनंदवनाची भाजी, आनंदवनाचे दूध म्हटले की लोक हात मागे घेत. आपल्यातले जे मार्केट यार्डात माल घेऊन गेले आहेत, त्यांना भाव पडण्याचे दुःख माहीत आहे. पण भाव चांगला, माल चांगला आणि तरी पिकवणाऱ्याच्या हातामुळे गिऱ्हाईक नाही, ही तऱ्हा वेगळीच. पुढे १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम केले आणि त्यांच्याच हातचे अन्न खाल्ले. ते पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. परक्यांनी जेवून दाखवावे लागले, तेव्हा आपल्याच लोकांना भाजी गोड लागली, हे लिहिताना थोडी लाज वाटते.

१९६० च्या दशकात आनंदवनात महाविद्यालय उभे राहिले, पुढे कृषी महाविद्यालयही आले. ज्या वरोऱ्याने भाजी नाकारली होती, त्याच वरोऱ्याची मुले कुष्ठरोग्यांनी उभारलेल्या जागेत शिकायला येऊ लागली. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेल्यांसाठी शिक्षण आणि प्रशिक्षण सुरू झाले. १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातच मूल तालुक्यात सोमनाथचा प्रकल्प उभा राहिला. तिथे जंगलाकडेची जमीन साफ करून, तळी आणि बांध करून मुख्य पीक घेतले ते आपल्या ओळखीचे, भाताचे. दर उन्हाळ्यात तिथे श्रमसंस्कार छावणी भरते आणि शहरातली मुले बरे झालेल्या कुष्ठरोग्यांबरोबर कुदळ मारतात. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि तो डॉ. प्रकाश व डॉ. मंदा आमटे यांनी सांभाळला. डॉ. विकास यांनी आनंदवनाचा भार उचलला.

या सगळ्यामागे बाबांचा एक साधा नियम होता. माणसाला भीक घातली की तो आतून मोडतो, काम दिले की तो उभा राहतो. आनंदवनात औषध होते, पण औषधाने रोग बरा झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न इतर ठिकाणी अनुत्तरित राहायचा. रोग गेलेला माणूसही घरी परत घेतला जात नव्हता. बाबांनी त्याला जमीन दिली, बियाणे दिले, करवत दिली, माग दिला. कोणाला काय येत नाही याची यादी त्यांनी केली नाही. उरलेल्या हाताने काय येते, एवढेच विचारले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे नाव निवडले, तिच्याकडे येते. आनंदवन उभे करणारे बाबा धडधाकट होते. पण पुढे त्यांच्या मणक्यांनी दगा दिला. मान आणि पाठीच्या मणक्यांचा विकार इतका वाढला की, त्यांना बसताच येईना. एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. पाटावर बसून जेवण नाही, खुर्चीत बसून लिहिणे नाही, बैलगाडीत बसून रानात जाणे नाही. आपल्या घरातल्या थकल्या माणसाला आपण सगळ्यात आधी काय सांगतो? आता तुम्ही नुसते बसा. बाबांच्या नशिबी तेवढेच नव्हते.

त्यांनी काय केले? डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते भारत जोडो यात्रेला निघाले. कन्याकुमारी ते काश्मीर. शंभराहून अधिक तरुण मुलेमुली सायकलवर आणि बाबा सोबतच्या गाडीत बिछान्यावर आडवे. गावात पोचले की उठून उभे राहायचे, लोकांशी बोलायचे, पुन्हा आडवे व्हायचे. पंजाब पेटलेला होता, तिथेही गेले. १९८८ मध्ये दुसरी यात्रा झाली, इटानगर ते ओखा, म्हणजे देशाचे पूर्व टोक ते पश्चिम टोक. १९९० मध्ये आनंदवन मागे ठेवून ते मध्य प्रदेशात बडवानीजवळ नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले. धरणात ज्यांची शेते आणि घरे बुडणार होती, त्यांच्या शेजारी ते आणि साधनाताई सुमारे दहा वर्षे राहिले. धरण व्हावे की नाही याबद्दल लोकांची मते वेगळी असतील, आपल्या वर्गातही असतील. आपल्या तालुक्यातल्या किती घरांची मुळे भाटघरच्या पाण्याखाली आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून त्या काठावर जाऊन राहणाऱ्या आजारी म्हाताऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९७१ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये मॅगसेसे, १९८६ मध्ये पद्मविभूषण, १९९० मध्ये टेम्पल्टन, १९९९ मध्ये गांधी शांतता पुरस्कार. त्यातले पद्म सन्मान त्यांनी नर्मदेच्या प्रश्नावर सरकारला परत केले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन न करता आनंदवनाच्या मातीतच दफन केले. शेतकऱ्याला शोभेल असाच तो शेवट होता. साधनाताई २०११ मध्ये गेल्या.

मला राहून राहून वाटते की, मणके गेल्यावर कसे जगायचे, हे बाबांना नव्याने शिकावे लागले नसेल. तुळशीरामला पाहून ते पळाले होते. त्यानंतर तीस-चाळीस वर्षे ते बोटे नसलेल्या माणसांबरोबर राबले, जेवले. अपुऱ्या शरीराने पुरे काम कसे करायचे, याचे शिक्षण त्यांनी त्यांच्याकडूनच घेतले. आनंदवनातल्या लोकांना त्यांनी उभे केले असे आपण म्हणतो. पाठ मोडल्यावर त्यांना उभे ठेवले ते बहुधा त्या लोकांनी.

आता माझी गोष्ट. हात गेल्यावर दादांनी रडत बसण्यात फार दिवस घालवले नाहीत. विळ्याचे दाते उजव्या हाताला जुळणारे असतात, म्हणून त्यांनी लोहाराकडून डाव्या हाताचा विळा घडवून घेतला. खुरपे उजव्या मनगटाला पट्टीने बांधायचे. बैलाची दोरी दातात धरून गाठ मारायचे. त्या वर्षीची भातकापणी मात्र त्यांच्याने होणार नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वर्गातली अकरा जण आमच्या खाचरात उतरली. कोणाच्या पायाला विळा लागला, कोणी नुसता गोंधळ घातला, पण दोन दिवसांत भात कापून झाले. आईने पिठले-भाकरी केली होती. तेव्हा मी कोणालाच काही बोलले नाही.

पुढे मला नोकरी लागली, पुण्यात फ्लॅट झाला, आई गेली. शिवऱ्यात हायवेच्या कडेला प्लॉट पडू लागले. २०१४ मध्ये मी दादांना पुण्याला घेऊन आले आणि त्यांना सांगितले की, आता काही करायचे नाही, फक्त बसा. जमीन वाट्याने लावून दिली. मला वाटत होते, मी मुलीचे कर्तव्य करते आहे. नवव्या मजल्याच्या गॅलरीत ते खुर्चीत बसून राहात. ज्या माणसाने एका हाताने वीस वर्षे नांगर धरला, तो दोन वर्षांत चहाचा कप धरताना थरथरू लागला. डॉक्टरांना काही सापडेना.

२०१६ मध्ये मैत्रिणींबरोबर विदर्भात फिरायला गेले असताना वरोऱ्याला उतरून आनंदवन पाहिले. तिथे एक आजोबा भाजीच्या वाफ्यांना पाणी देत होते. हाताला बोटे जवळजवळ नव्हती, पाइप दोन्ही तळव्यांत धरला होता. मी त्यांना सहज म्हटले की, या वयात कशाला त्रास घेता? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली होती. काही न बोलता ते पुढच्या वाफ्याकडे वळले. मी तिथेच उभी राहिले. नववीच्या परिपाठातली गोष्ट मला त्या दिवशी पूर्ण ऐकू आली.

परत आल्यावर आठ दिवसांत दादांना शिवऱ्याला नेले. घराजवळचे दोन गुंठे मोकळे केले. मेथी, कोथिंबीर, वांगी, चार वाफे कांदा. पहिल्या दिवशी त्यांनी माळ्यावरून तो डावा विळा काढला आणि कानशीने घासत बसले. मग उठले. कपाची थरथर पुरती गेली नाही, पण खुरप्याची गेली. अडीच वर्षे ते तसे जगले. २०१९ च्या जानेवारीत हरभरा घाट्यात असताना गेले. आधीची दोन वर्षे मी त्यांच्याकडून प्रेमाने काढून घेतली, हे माझ्या हिशेबात कायमचे राहील.

मित्रमैत्रिणींनो, आपण सगळे आता चाळिशी ओलांडून पुढे आलो आहोत. आपल्या घरोघरी थकलेले आईवडील आहेत. कोणाचा गुडघा गेला, कोणाची नजर गेली, कोणाला पॅरालिसिस झाला. त्यांना बसा म्हणण्याआधी एकदा विचारा की, त्यांना काय करायचे आहे. आपल्यालाही एक दिवस कोणीतरी बसायला सांगणारच आहे.

शेवटी दोन आभार, जे तीस वर्षे राहून गेले. एक सरांचे, त्या दिवशीच्या परिपाठासाठी. सर, तेव्हा मी रागावले होते, माफ करा. आणि दुसरे त्या अकरा जणांचे, ज्यांनी आमचे भात कापले. स्नेहमेळाव्याला तो डाव्या हाताचा विळा मी घेऊन येणार आहे. बघायला नक्की या.